दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याला चार मतं

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत बसू लागली की पहिलं वर्ष गप्पांत जातं. दुसऱ्या वर्षापासून एकमेकांच्या चुका बाहेर पडू लागतात, आणि मग किस्स्यांना तोटा नसतो. मला रोज वही लिहायची सवय. त्यामुळे आमचे किस्से नुसते साठले नाहीत, तारीखवार साठले. त्यातले काही वाचताना मी आजही दचकतो. ते तेवढे इथे देतो.

खोली गोव्यात, पेडण्याच्या बाजारातली, दाजींचा फोटो स्टुडिओ. तिथे आता गिऱ्हाईक येत नाही, आम्ही येतो. दाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पेडण्यातल्या किती घरांच्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले, त्यांनाही सांगता येत नाही. सुमनबाई सर्वणच्या, निवृत्त शिक्षिका. उल्हास लाटंबार्सेचा, लाइनमन. मी डिचोलीला एका कचेरीत कारकून. चौघांनाही अजून रोलवरच फोटो काढायचं वेड.

एका रविवारी उल्हासने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. परदेशातली एक छोटी कंपनी, बंद पडलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांपैकी एक नव्याने बनवणार होती. कोणता, ते आमच्यासारख्या मंडळांनी कळवायचं. एका मंडळाचं एकच मत.

दाजी खुर्चीत ताठ झाले. त्यांचा कॅमेरा दोन डोळ्यांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो. पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघावं लागतं. दोन वर्षांपूर्वी त्याची आतली स्प्रिंग तुटली. कोल्हापूरपर्यंत नेऊन आणला, पार्ट मिळाला नाही. तेव्हापासून दाजींनी एकही फोटो काढला नव्हता. दुसरा कॅमेरा दिला तर हातात घेऊन, बघून, परत द्यायचे.

"तो परत करतले?" त्यांनी विचारलं.

"आमचं मत पडलं तर," उल्हास म्हणाला.

"मागीर घालात मत."

पण प्रत्येकाचा आपला आपला उमेदवार होता.

*

सुमनबाईंचा उमेदवार प्लॅस्टिकचा, पर्समध्ये मावणारा. "बटन दाबलं की झालं. आकडे नको, हिशेब नको. असा कॅमेरा परत निघाला पाहिजे."

"बाई, त्याच कॅमेऱ्याने तुमची सहल बुडवली होती ना?" उल्हासने आठवण करून दिली.

ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. बाईंनी एकदा सातवीच्या मुलांना धबधब्यावर नेलं. छत्तीस फोटो काढले. छत्तिसाव्यानंतरही कॅमेरा पुढे चालतच राहिला, तेव्हा बाईंना शंका आली. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. रोल पहिल्या फोटोला होता तिथेच.

"मग मुलांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. पुढच्या आठवड्यात परत नेली."

"परत?"

"तेच कपडे, तीच बस. यादी माझ्या डोक्यात होती, कोण कुठे उभा होता ती. एकजण पहिल्यांदा पाण्यात पडला होता. त्याला सांगितलं, पड."

मी पेन खाली ठेवलं. बाई शांतपणे चहा पीत होत्या. "पडला की," त्या म्हणाल्या. "फोटो बरा आलाय."

*

उल्हासला बॅटरीशिवाय चालणारा, सगळा लोखंडी कॅमेरा हवा होता. त्याचा एकदा खांबावरून खाली शेतात पडला, चिखलातून काढून पुसला आणि पुढचा फोटो त्यावरच घेतला. हे तो दर महिन्याला सांगतो.

त्या कॅमेऱ्याच्या मजबुतीबद्दल काही लिहून घ्यावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. मे महिना. अंगणात त्याची आई भाजलेल्या काजूबिया फोडत बसली होती. एका हातात बी, दुसऱ्या हातात तो कॅमेरा.

"मावशी, हे काय करता?"

"फातर खंय गेलो कळना," म्हातारी म्हणाली. "हो हाताक बरो बसता. आनी गर मोडना."

उल्हासला मी हाका मारल्या. तो आला, त्याने आईच्या हातातून कॅमेरा घेतला, खालचा काळा डाग अंगठ्याने घासला, चावी ओढली, बटन दाबलं. टक्. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हेही लिहा."

*

माझी पाळी आली. माझा कॅमेरा लहान, छान जपानी बनावटीचा. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. त्याची बाजू मांडायला मी वहीच घेऊन गेलो. रोलमधल्या प्रत्येक फोटोची मी नोंद ठेवतो. ऊन किती, वेग किती, भिंग किती उघडं, समोर कोण.

दाजींनी वही घेतली आणि मोठ्याने वाचू लागले. "मोरजी, सकाळ, ऊन कोवळं, होडी. पेडणे, दुपार, सावली, पाववाला पोदेर सायकलवर. पेडणे, तोच पोदेर, हसताना." अशा छत्तीस नोंदी वाचल्या. मग विचारलं, "फोटो खंय?"

मला सांगणं भाग होतं. त्या रोलला मी भिंगाचं झाकणच काढलं नव्हतं. खिडकी वेगळी असल्यामुळे झाकण असलं तरी समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. दोन महिने मी स्वच्छ बघत होतो आणि आत काळोख होता.

दाजींनी वहीचं पान उलटलं, परत मागे आणलं.

"नोंदी मात शुद्ध आसात," ते म्हणाले.

माझा उमेदवार मी तिथेच मागे घेतला.

*

मग दाजी बोलले. आपल्या कॅमेऱ्याचे गुण त्यांनी सांगितले नाहीत, एक फोटो सांगितला.

सर्वणला एक म्हातारी होती. तिने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावून कुणी समोर आला की ती म्हणायची, बंदूक धरल्यासारखा काय उभा राहतोस. तिच्या मुलाने शेवटी दाजींना नेलं. दाजी तिच्यासमोर, तीन फुटांवर, गुडघे टेकून बसले आणि मान खाली घालून काचेत बघू लागले.

म्हातारीला वाटलं, हा पाया पडतोय. तिने हात पुढे केला आशीर्वाद द्यायला, आणि त्याच क्षणी दाजींचं बटन दाबलं गेलं.

"फोटोत कितें आयलें?" उल्हासने विचारलं.

"हात. नुसतो हात. तोय धुंवरासारको."

ती दुसऱ्यांदा बसली नाही. एकदा झाला तो झाला, म्हणाली. त्याच वर्षी गेली. घरच्यांकडे तिचा दुसरा फोटो नव्हता. त्यांनी तोच मोठा करून, फ्रेम घालून भिंतीवर लावला. हार घालतात.

सुमनबाईंचा कप बशीत आदळला. "दाजी, तो हात? अहो, त्या घरी मी दर चवथीला जाते. कुठल्यातरी स्वामींचा म्हणून मी त्याला इतकी वर्षं नमस्कार करतेय."

"करात," दाजी म्हणाले. "ती बरी बायल होती."

*

आमचं मत दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याला गेलं. चारही हात वर झाले. पत्र मी लिहिलं, बाईंनी तपासलं, उल्हासने पाठवलं. दाजी दर रविवारी आत शिरायच्या आधीच विचारायचे, "आयलें?"

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. उल्हासने वाचून सांगितलं. सगळ्यात जास्त मतं त्याच कॅमेऱ्याला पडली होती. पण त्याचे जुने आराखडे कुठेच शिल्लक नव्हते. मापं घ्यायला एक मूळ कॅमेरा लागणार होता. बिघडलेला चालेल. मात्र तो पुरता सुटा करावा लागेल आणि परत जोडून मिळणार नाही. नवा कधी होईल, होईलच का, याची हमी ते देऊ शकत नव्हते. कॅमेरा देणाऱ्याला नवा आधी मिळेल, एवढंच. सोबत भरून पाठवायचा एक फॉर्म होता.

दोन वर्षांत दाजींनी आम्हाला त्या कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नव्हतं.

"दाजी, नाही म्हणून कळवूया," सुमनबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा तरी मिळेल त्यांना."

दाजी उठले. कपाटातून कॅमेरा काढला, पंच्याने पुसला. वरचं झाकण उघडून, मान खाली घालून काचेत आम्हा तिघांकडे जरा वेळ बघितलं. मग झाकण बंद करून तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"फॉर्म भर."

मी नाव घातलं. पत्ता घातला. वय घातलं, अठ्ठ्याहत्तर. शेवटचा रकाना होता, नवा कॅमेरा तयार झाल्यास किती नग हवेत. मी 'एक' लिहिलं.

दाजी माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"तें खोड. दोन घाल."

"दोन कशाला, दाजी?" उल्हासने विचारलं.

"हो चाळीस वर्सां चललो. मागीर दुसरो लागतलो न्हय?"