माणूस उचलायची रीत

आमचे हे सौंसरच्या बगिच्यांमधून संत्र्याच्या गाड्या भराचे. भरलेली दोन कॅरेटं एकावर एक खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढाचे, उतरून पुन्हा दोन. पन्नाशी आली तरी घरी येऊन पाठ दाबून दे असं कधी म्हटलं नाई. मंग ऐन हंगामात एका सकाळी दात घासता घासता उजवा हात लोंबला अन् तोंड वाकडं झालं. लकवा. नागपूरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं परत आलं होतं, उजवं अंग गेलं ते गेलंच.

त्याईचं वजन माह्याहून दीडपट. संडासच्या खुर्चीवर बसवाचं तं दोन माणसं लागत. शेजारचे दोघं भाऊ येत, एक काखेत धरे, एक पायाकडून. चांगले पोट्टे ते, जेवता जेवता उठून येत. पण उचलताना हे डोळे मिटून घेत, अन् पुन्हा खाटेवर टेकेपर्यंत उघडत नसत. मले ते पाहवत नसे. खाटेवरचं भांडं आणलं, ते एकदाच वापरलं अन् दिवसभर भिंतीकडे तोंड करून राहिले.

मंग ह्याईनं पाणी पेणंच सोडलं. मले पहिले समजलंच नाई. गिलास तोंडाले लावत, ओठ ओले करत, खाली ठेवत. पाणी पेलं का जा लागते, जा लागलं का कोणाले तरी बोलवा लागते. उन्हाळा लागला तशी लघवीले आग व्हाले लागली, ताप चढला. डॉक्टर माह्यावरच खेकसला, “पाणी देता का नाई बाई तुम्ही ह्याले? किडनी जाईन अशानं.” काय सांगू त्याले? घरी येऊन मी भांडली ह्याईसंग. पाणी प्या म्हणून नवऱ्याशी भांडणारी मीच एक असीन. ते म्हणे, “तू उचलशीन का मले? मंग पेतो.”

त्याच दिवशी उचलाले गेली. दोघंही पडलो. ह्याईचा ओठ फुटला, मी खाली, ते अंगावर. माहे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, ऐंशीच्या वरचे. त्याईची खाट त्याच खोलीत दारापाशी. ते “अरे या रे कोणी” म्हणून हाका मारत राहिले. मले लाज नाई, राग आला. ह्याईवर, त्या खुर्चीवर, माह्या दोन हातांवर.

पांढुर्ण्याले दिलेल्या माह्या पोरीनं फोनवर हे आयकलं अन् ती आमच्या इथं शिकत होती त्या शाळेतल्या पीटीच्या बाईचं नाव काढलं. बाई रिटायर झाल्या होत्या अन् रोज सकाळी शाळेच्या मैदानावर बायांची कसरत घेत. मी म्हटलं, घरी माणूस पडला हाय अन् मी उड्या माराले जाऊ? पोरगी म्हणे, “उड्या नको मारू, ताकद आण.”

गेली. पोरीची जुनी सलवार घालून गेली. दहा-अकरा बाया होत्या, कोणी कापूस वेचाले जाणारी, कोणी शाळेत खिचडी शिजवणारी. रस्त्यानं जाणारे माणसं थांबून पाहत. “बुढ्या बाया पहेलवानी करून राहिल्या,” असं एक जण आयकू येईन असं बोलला. आमच्यातली रामाकोना गावची एक धिप्पाड बाई त्याले म्हणे, “ये ना भाऊ, तुले उचलून दाखवतो.” तो पुन्हा दिसला नाई.

सामान काही नव्हतं. फुटकी संत्र्याची कॅरेटं अन् रेती. बाई कॅरेटात रेती टाकत, दर आठवड्याले थोडी जास्त. “पाठीनं नाई, मांड्यानं उचल,” असं ओरडत. आम्हाले जन्माची सवय कमरेतून वाकाची. शेतात तसंच, चुलीपाशी तसंच. पहिले पंधरा दिवस मले जिना उतरता येत नव्हता. पण एखाद्या दिवशी नाई गेली तं दुसऱ्या दिवशी सगळ्या विचारत, काहून नाई आली, ह्याईची तब्येत कशी हाय. घरी सहानुभूतीवाले लय आले होते. “तू कशी हाय” हे मले तिथं विचारलं गेलं. खरं सांगतो, मी त्याच्यासाठीच जात होती.

दोन महिन्यांत भरलेलं कॅरेट छातीपर्यंत याले लागलं. घरी गेली, ह्याईच्या काखेत हात घातले, जोर लावला. माणूस हलला नाई. दुसऱ्या दिवशी मैदानावर कॅरेट लाथेनं उलटवलं अन् बसून राहिली. बाईनं विचारलं, “घरी कशी उचलते, दाखव.” रामाकोनावालीले खुर्चीत बसवलं, तिनं अंग ढिलं सोडलं. मी हात लांब करून तिच्या काखेत घातले, मान बाजूले फिरवली अन् ओढलं.

“असंच धरते घरी?”

“हाव.”

“इतकी दुरून काहून? अन् तोंड कायले फिरवते?”

“मामाजी समोर असते ना,” मी म्हटलं.

रामाकोनावाली खुर्चीतूनच म्हणाली, “माह्या लग्नाले तीस वर्षं झाले. दिवसाउजेडी मी माह्या मालकाच्या खाटेवर टेकली नाई.” बाकीच्या खाली पाहत होत्या. प्रत्येकीच्या घरची गोष्ट होती ते.

बाई म्हणाल्या, कॅरेट अंगाले लावल्याशिवाय उठत नाई, मंग माणूस कसा उठीन? त्या दिवसापासून रेती बंद, एकमेकीले उचलाचं. गुडघे गुडघ्याले लावाचे, छाती छातीले, हात पाठीमागून नेऊन आपलंच मनगट आपण धराचं, दोघींनी मिळून पुढे झुकाचं अन् उठाचं. रोज एक जण लकव्याची बने. पहिल्या दिवशी रामाकोनावालीले मिठीत घेतलं अन् मले रडूच आलं. इतक्या महिन्यांत मले कोणी जवळ घेतलं नव्हतं. ती तशीच लुळी राहिली, रडू संपेपर्यंत. मंग म्हणे, “उचल आता, लय जड हाय मी.”

घरी मात्र हिंमत होत नव्हती. मामाजीले बाहेर बसा म्हणावं तं कोणत्या तोंडानं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघंही भाऊ गोटमारीची, ते दगडफेकीची जत्रा पाहाले पांढुर्ण्याले गेले. दुपारी ह्याईचा चेहरा ताणलेला दिसला. मले समजलं, जा लागलं होतं.

“अवो, चला,” मी म्हटलं.

“पोट्टे येऊ दे.”

“पोट्टे संध्याकाळी येतीन.”

खुर्ची खाटेले लावली. ह्याईले कडेले बसतं केलं. वाकली तं डोक्यावरचा पदर घसरून ह्याईच्या तोंडावर पडला. सावरला, पुन्हा वाकली, पुन्हा घसरला. एक हात पदरातच गुंतून राहिला. मामाजी दारापाशी खाटेवर बसून पाहत होते. सत्तावीस वर्षांत त्याईच्यासमोर माहं डोकं उघडं पडलं नव्हतं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “पदर कमरेले खोच.”

मी पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

“खोच म्हणतो ना. अन् जवळ घे त्याले. पडू नको देऊ.”

पदर खोचला. गुडघे लावले, छाती लावली, हात पाठीमागे नेऊन मनगट धरलं. ह्याईच्या कानात म्हटलं, तीन म्हटल्यावर झुका. ह्याईचं सगळं वजन माह्यावर आलं, मांड्यांवर जोर घेतला, अन् ते उठले. खुर्चीवर बसवले. काम झाल्यावर साफ केलं, पुन्हा तसंच उचललं.

पण लगेच खाटेवर नाई टेकवलं. तसेच उभे राहिलो. ह्याईची हनुवटी माह्या खांद्यावर होती. मी मान वळवून पाहिलं, डोळे उघडे होते.

“पाणी,” ते म्हणाले.

माहे दोन्ही हात त्याईच्या पाठीमागे अडकलेले. सोडले असते तं पडले असते. मामाजी भिंतीले धरून उठले. माठातून गिलास भरला, हळूहळू आमच्यापाशी आले अन् पोराच्या तोंडाले लावला. ह्याईनं सगळा गिलास पेला. मामाजी पुन्हा माठाकडे गेले.