अजून ठरवलं नाही

एकटं राहिलं की किस्से फार साठतात. सांगायला कोणी नसतं ना! ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या ताब्यातल्या एका चिमुकल्या बेटावर आम्ही तीन वर्षं काढली. हे तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, दिवसभर ड्यूटीवर. घरात मराठी ऐकायला मी आणि भिंती. मग कौन्सिलची इलेक्शन आली आणि आमच्या दारावरची बेल वाजायला लागली!

*

पहिला आला जो. मासेमारीच्या बोटीचा मालक, आणि उमेदवार. "मॅडम, मत कोणाला?"

आमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड; मत कुठलं असायला! पण तसं सांगितलं असतं तर तो दारातूनच परत गेला असता. मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही. चहा घेणार?"

चांगला तासभर बसला!

*

पुढच्या खेपेला जोने हातभर लांब मासा आणला. मी शाकाहारी! तो वळल्याबरोबर मी मासा शेजारच्या टॉमला देऊन टाकला. टॉम शाळेत मास्तर, आणि जोच्याच विरोधात उभा!

दुसऱ्या दिवशी रिकामी थाळी घेऊन आला. "मासा झकास होता. तरी मत मी मलाच देणार!"

*

टॉम भाषण पाठ करून यायचा. मी बेसनाचे लाडू पुढे ठेवायची. तिसऱ्या लाडवाला भाषण विसरला आणि म्हणाला, "हा उभा राहिला तर मी पडलोच!"

*

एकदा यांनी चहाचा डबा हलवून पाहिला. "अगं, एवढा चहा पितं कोण?"

"उमेदवार."

"आपल्याला व्होट नाही, हे सांगितलंस ना त्यांना?"

"सांगणार आहे ना. इलेक्शन झाली की!"

*

तिसरी उमेदवार मार्था. विधवा, कौन्सिलच्या ऑफिसातून रिटायर झालेली. सगळ्यांत जास्त फेऱ्या तिच्याच. प्रचाराचं एक अक्षर काढायची नाही. मी पोळ्या लाटायची, ती बघत बसायची.

मतदानाच्या आदल्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "मार्था, तू इतक्या वेळा आलीस, आणि मी तुला फसवलं. मला मतच नाही."

ती गरम पोळीला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे. वीस वर्षं इथली मतदारयादी मीच टाइप केलीय."

आणि कप पुढे केला. "अजून थोडा आहे का?"