परसों बुडालेली नाव

नाव बुडाल्याचा निरोप बुधवारी सकाळी हैदराबादच्या अंबरपेठेत, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनवर आला. माझा नवरा सोमवारी जलाशयावर गेला होता.

आयातीवरची बंधनं सैल झाल्यावर त्याच्या कंपनीने मासे मोजण्याचं यंत्र परदेशातून मागवलं होतं. नावेच्या कडेला बांधलेला त्याचा डबा पाण्यात आवाज सोडतो. तो आवाज माशांवर आपटून परतला की कागदावर काळे ठिपके उमटतात, आणि त्यांवरून मासे किती याचा अंदाज बांधतात. नवऱ्याला पोहता येत नव्हतं. वायर सांभाळताना अडचण होते म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवतो, हे त्यानेच सांगितलं होतं.

फोनवर कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर होता. "अम्मा, साब आज नै आते. परसों नाव डूब गई ना, उसकूच निकाल रैं."

"साब किधर हैं?" मी विचारलं. लाइन तुटली होती.

परसों म्हणजे परवा. परवा सोमवार. मी जिन्यावर बसले. मग कोठी भागातल्या त्याच्या ऑफिसात फोन लावला. कोणी उचलला नाही.

काकूंचं सगळं आयुष्य हैदराबादेत गेलेलं. त्यांनी ड्रायव्हरचं वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

"परसोंच म्हणाला ना?"

"हो. सोमवारी."

"सोमवार तू म्हणतेस. अगं पुणेकरीण, इथे झालं-गेलं सगळं परसोंच असतं. माझं लग्नही परसोंच झालंय, आणि लेक कॉलेजात आहे."

मला हसू आलं नाही. फोन जवळ ओढून काकूंनी मेथी निवडायला घेतली. निवडलेलीच पानं त्या पुन्हा निवडत होत्या.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. मंगळवारी संध्याकाळी कागदावर ठिपक्यांऐवजी एक जाड, आडवी रेघ उमटली होती. मच्छीमारांनी तिथे गळ सोडला, तर फळीचा तुकडा वर आला. ती गेल्या पावसाळ्यात बुडालेली त्यांचीच नाव होती. तिच्यावरचा एक माणूस तेव्हापासून बेपत्ता होता.

"जॅकेट घातलंय का?" मी विचारलं.

"आता घालतो," तो म्हणाला.

गुरुवारी नाव दोरांनी काठावर ओढली. आत जाळं होतं. माणूस सापडला नाही.