मामांच्या वळूला जास्त झालेली इंजेक्शनं

"ऊठ ना बे, कायले माही इज्जत घालवून राह्यला?" मामा वळूच्या कानात तोंड घालून असे ओरडत होते, की तिकडे मंगरूळपीरच्या दर्ग्यावरची कबुतरं उडाली असतील. समोर धनजहून दीड दिवस चालवत आणलेली गाय उभी. तिचा मालक आधी वळूकडे, मग मामांकडे बघत होता. वळू बसून रवंथ करत होता.

एकेकाळी पंचक्रोशीतली निम्मी वासरं या वळूच्या तोंडवळ्याची होती. पण सरकारी दवाखान्यात वळूशिवायच, नुसत्या नळीनं गाई भरायला लागले आणि मामांनी धसका घेतला. वळू मागं पडला तर आपल्याला कोण विचारणार? नेमका त्याच हिवाळ्यात तो जरा सुस्तावला. ढोरांच्या डॉक्टरांनी हार्मोनचं एक इंजेक्शन दिलं, वळू तरतरीत झाला. मामांनी रिकामी कुपी जपून ठेवली. संकरित जवारीला युरिया दुप्पट तर पीक दुप्पट, हे त्यांचं शास्त्र. मी वाशीमला कचेरीत कारकून. दर शनिवारी तशाच कुप्या घेऊन एसटीनं येऊ लागलो. मामा दिवसाआड टोचू लागले.

पहिले पंधरा दिवस, खोटं सांगत नाही, त्या वळूनं उभ्या एसटीवरसुद्धा उडी घेतली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा कुठे उतरला. खूश होऊन मामांनी त्याचा कडबा बंद केला आणि सरकीची ढेप सुरू केली. तिसऱ्या महिन्यात मात्र नारळाएवढा ऐवज सुपारीएवढा झाला.

धनजवाला काही हलेना, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मागून चाचपलं.

"किती टोचले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाईकडे बघत सांगितलं, "दिवसाआड, तीन महिने."

"अंडकोषातल्या पेशींले हार्मोन हाक मारते," डॉक्टर म्हणाले. "एक हाक आली का त्या कामाले लागतात. तुमी तीन महिने दारात उभे राहून बोंबलले. आधी त्या राब राब राबल्या, मंग त्याईनं कान बंद केले. काही मेल्याही असतीन. आता थांबसान तर उरलेल्या वाचतीन."

धनजवाल्यानं गाय वळवली, दवाखान्याच्या वाटेनं. मामा तिच्या शेपटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याच्यावर कोणतं इंजेक्शन हाये?"

"कडबा," डॉक्टर म्हणाले.