फाटकाशी थांबलेली गाडी

पोलंडमधल्या त्या खेड्यात माझ्या सुनेची आजी पडद्याची कड घट्ट धरून उभी होती. फाटकाबाहेर जर्मन नंबरची गाडी थांबली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हा जर्मन मुलूख पोलंडला मिळाला, इथल्या जर्मनांना हाकलून दिलं, आणि रशियानं घेतलेल्या पूर्वेकडच्या पोलंडमधून तसेच हाकललेले आजीचे आईवडील या घरात आले. एका बेघरानं दुसऱ्या बेघराच्या चुलीवर शिजवून खायचं, हा कुठला न्याय! मूळ मालक परत येतील या धास्तीनं त्या पिढीनं गाठोडी सोडली नाहीत, अंगणात फळझाड लावलं नाही. अजूनही गावभर अंगणांत नुसते बटाटेच.

गाडीतून एक म्हातारा उतरला आणि घराकडे बघत राहिला.

"त्यांना आत बोलवा ना," मी म्हणाले. सुनेनं ते आजीला सांगितलं.

आजीनं पडदा सोडला नाही. "बोलवेन. पण दारात 'या, बसा' कुणी कुणाला म्हणायचं?"