गादीतली हवा

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अर्धांगानं पडले त्याला आठ महिने झाले होते. पाठीची जखम नुकतीच भरली होती, तीही हवेच्या गादीमुळे. गादीचा पंप मागच्या खोलीत अहोरात्र गुणगुणायचा. हा एकदाचा गप्प बसला तर बरं, असं एकदोनदा माझ्या मनात आलंही असेल.

भातलावणीचे दिवस. कपडे वाळेनात. स्वयंपाकघर ते मागची खोली अशा फेऱ्यांनी माझे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून मी एक शहाणपणा केला. पंपाच्या प्लगला वायरचा लांब बोर्ड लावला आणि सगळा कारभार आबांच्या उशाशी आणला. पंपाशेजारी त्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायची कांडी, कांडीशेजारी ओलसर चादरींसाठी इस्त्री. एका जागी बसून दोन कामं. स्वतःचं कौतुक करून होतंय तोवर चट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि पंप थांबला.

पडवीतल्या मीटरच्या पेटीतलं पडलेलं बटण वर केलं. पंखा फिरला, प्लग मेलेलाच. मोबाईलचा चार्जर लावून पाहिला, काही नाही. मग चष्मा लावला, जो आधी लावायला हवा होता. प्लगचं एक भोक काळं पडलं होतं, लांब बोर्ड एका बाजूनं वितळला होता.

वायरमनला फोन केला.

"वयनी, चिखलात आसंय, सांजेक येतंय. पेटीतला बटण परत खाली करा, बोर्डाक हात लावू नकात. काय काय लावल्यात थंय?"

"पंप."

"पंपान बोर्ड काळो जायत नाय."

मी ऐकू येत नसल्यासारखं केलं, बटण तेवढं खाली ओढलं. सांजेला त्यानं प्लग उघडला तेव्हा आतल्या वायरचा कोळसा झाला होता, तरी मी पंपाचंच नाव घेत राहिले.

पण सांज लांब होती आणि गादी बसत चालली होती.

"गो, माझी पाठ फळीक लागाक लागली," आबा म्हणाले.

पलंग पोचेल असा चालू प्लग एकच, पडवीतला टीव्हीचा, त्याचं बटण वेगळं. नवरा कुडाळला ऑफिसात. शेजारच्या काकाकाकींना हाक मारली, त्यांच्याकडे लावणीला आलेला खारेपाटणचा जावई चिखलाच्या पायांनीच आला. चौघांनी पलंग उचलला, दाराशी नेला.

"थांबा," आबा म्हणाले. "पाय फुडे नको. मी अजून आसंय."

खोली एवढीशी, पलंग फिरेना. शेवटी पलंग खाली ठेवून आबांनाच फिरवलं, चादरीचे चार कोपरे धरून. डोकं पायथ्याला, पाय उशाला.

"आमी चौघा आसंव, मगे भियाचा कशाक?" काकी म्हणाल्या.

"चौघांनी उचलतत म्हणानच सांगतंय."

जावई हसला आणि त्याची बाजू कलली. काकांनी त्याला जावयासमोर वापरू नये असा शब्द वापरला.

टीव्ही काढून पंप लावला. आबांना कुशीवर केलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. नर्सनं शिकवलं होतं, बोटानं दाबायचं, पांढरं झालं तर कातडी शाबूत. मी दाबलं. लाल ते लालच वाटलं. काकींनी मोबाईलचा उजेड धरला. पुन्हा दाबलं. बोट उचलल्यावर क्षणभर पांढरं झालं, मग हळूच लाल.

सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले.

"आबा, कांडी मीच लावली होती."

"माका दिसत होता. वायर ऊन जाली, तिचो वास पण इलो."

"मगे सांगूचा नाय?"

"तू बसललंस. इतक्या म्हयन्यांत पयल्यांदा बसललंस."

गादी भरत होती आणि आबा तसूतसूनं वर येत होते.