आंधळा नमुनाही चमकला होता

वैशालीचा भाऊ राहुल याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकात कोंडीत अडकलो होतो. निघालो होतो तिच्याचकडे. "दादा, आता घाई करू नका… ताई गेली." मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. तिला जे सांगायला निघालो होतो ते सांगायचं राहिलं. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघं नाशिकचे. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, माझ्या घरी फुलशेती. भेट मात्र झाली बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत, पीएचडी करताना. आमच्या घरी झेंडू होतो हे कळल्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'झेंडूशेठ' झालो. काम असं होतं : पेशीच्या आत कॅल्शियम क्षणोक्षणी कमी-जास्त होतं, हृदयाचा ठोकाही त्याच्याच जोरावर पडतो, पण ते दिसत नाही. म्हणून जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाला कॅल्शियम पकडणारं प्रथिन जोडायचं आणि त्या जोडप्रथिनाचा जनुक जिवंत पेशीत सोडायचा. पेशी ते स्वतःच बनवते, आणि कॅल्शियम वाढलं की हिरवी उजळते. या जोडप्रथिनात एकेक बदल करून नमुने तपासण्यात आमची वर्षं गेली. वैशालीचा एक नियम होता. प्रत्येक नमुन्याला एक जोडीदार करायचा, ज्याची कॅल्शियम पकडण्याची जागा मुद्दाम मोडलेली असेल. त्याला ती 'आंधळा' म्हणायची. "चमकलं म्हणून नाचू नको झेंडूशेठ. आंधळाही चमकला, तर तू कॅल्शियम बघतच नाहीयेस."

माझा एक नमुना इतरांपेक्षा कितीतरी जास्त उजळला. वैशाली तेव्हा राहुलच्या लग्नासाठी नाशिकला गेली होती. मी त्याचा आंधळा लावला… आणि तोही उजळला. म्हणजे माझा नमुना कॅल्शियमला नव्हे, पेशीतल्या आम्लतेच्या बदलाला भुलत होता. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. प्रयोग पुन्हा केला नाही. वहीत नोंदही केली नाही. ती लग्नाचे लाडू घेऊन परतली आणि बॅग खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "आंधळा बघितलास ना?" मी म्हणालो, "बघितला. गप्प आहे."

एवढंच बोललो. पण शोधनिबंध त्यावर निघाला, पुण्यातली नोकरी मला त्यावर मिळाली, आणि वैशालीनं तोच नमुना घेऊन हृदयाच्या पेशींवर काम सुरू केलं. दोन वर्षं ठोका आणि प्रकाश यांचा मेळ लागेना. प्रयोगशाळेत सगळ्यांचं काम ती तपासून घ्यायची. माझं तेवढं तपासलं नाही, कारण मी सांगितलं होतं. फोनवर म्हणायची, "माझ्याच हातात काहीतरी खोट आहे रे." मी म्हणायचो, "पेशी वाढवायचं माध्यम बदलून बघ." तिनं माध्यम बदललं, पेशी बदलल्या, सूक्ष्मदर्शक बदलला. शेवटी मार्गदर्शकांचा धीर सुटला. ती नाशिकला परतली आणि कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागली. चांगलं शिकवायची, असं सगळे सांगतात. मला ते ऐकवत नाही.

आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हा मला बघून हसली. "चेहरा असा काय केलायस? आजारी मी आहे की तू?" मग थोड्या वेळानं, सहज विचारावं तसं, "तिकडं माझं नेमकं काय चुकत होतं रे? तुला कधी कळलं का?" उत्तर माझ्या तोंडाशी होतं. मी म्हणालो, "आता कशाला ते…" तिनं मान हलवली आणि पुण्यातल्या उन्हाळ्याची चौकशी केली.

ती गेल्यावर मी मार्गदर्शकांना आणि शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला सगळं लिहून कळवलं. जे व्हायचं ते होईल. मग तिच्या घरी गेलो आणि राहुलला सांगितलं. तो म्हणाला, "ताई गेल्यावर सांगताय, दादा?" आणि मग, "आईला सांगा. तिला वाटतं, तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी घरी ये-जा करावी लागली म्हणून पोरीचं शिक्षण वाया गेलं."

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसून सांगितलं. विज्ञान बाजूला ठेवलं. चूक माझी होती, तिची नव्हती, तुमची तर नव्हतीच, एवढं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"तिला माहीत होतं?"

"नाही, आई."

"मग मला काय सांगतोस?"

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वैशालीच्या खोलीचं दार उघडलं, पंखा लावला, टेबलाजवळची खुर्ची ओढून माझ्याकडे वळवली. "हितं बस. तिला सांग."

मी बसलो. भिंतीवर अकरावीचं वेळापत्रक होतं, तिच्या अक्षरात. दार त्यांनी बाहेरून लोटून घेतलं.

"वैशाली, मी आंधळा बघितला होता…"